वृक्षदानाचे पात्र कोण?

झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी आपल्या देशात दुमत नाही. आपल्या पूर्वजांनी विहीर, तळे आणि धर्मशाळा यांच्या पंक्तीला वृक्षारोपण बसवले. आजही मृग नक्षत्र लागले की शाळा, पंचायत, पतपेढी, तरुण मंडळ या सर्वांची खड्डे खणण्याची एकच घाई उडते. खड्डा हातभर, रोप वीतभर, आणि फोटोत माणसे पंधरा! असो. हेतू चांगला आहे, त्याची थट्टा आम्हांला करायची नाही. पण एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. वृक्षारोपण हे जर दान असेल, तर दानाला शास्त्राने देश, काल आणि पात्र अशा तीन कसोट्या लावल्या आहेत. अन्नदान करताना आपण भुकेला कोण ते पाहतो. वस्त्र देताना थंडीत कुडकुडणारा कोण ते पाहतो. मग झाड लावताना ते दान नेमके कोणाच्या पदरात पडते? सावली आपल्याला, फळ आपल्याला, लाकूड आपल्याला असे असेल तर ते दान कसले? ती आपली आपल्यालाच केलेली परतफेड झाली.

हा प्रश्न आम्हांला सुचला तो एका यात्रेकरूमुळे. सोलापूरकडचे एक वृद्ध माळकरी बद्री-केदार करून आले. येताना त्यांनी वाटेवरच्या चिडाच्या झाडाखालून लाकडी फुलासारखी दिसणारी चार फळे आणि रुमालात बांधून मूठभर बी आणले. कीर्तन आटोपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "महाराज, देवभूमीतलं झाड आहे. मठापुढच्या माळावर लावतो. तुमच्या हातानं पहिलं बी पडू द्या." आम्ही म्हटले, "आप्पा, आधी हे झाड कोण, याचे सोयरे कोण, ते तर विचारू. लग्नाआधी आपण स्थळ पाहतो की नाही?" आप्पा हसले, पण त्यांना ते फारसे रुचले नाही, हे आम्हांला दिसत होते. देवाच्या गावाहून आणलेल्या वस्तूला कोणी नाही म्हटले तर भाविकाला लागतेच. म्हणून जे त्यांना तेव्हा थोडक्यात सांगितले, ते येथे सविस्तर लिहितो.

हे झाड म्हणजे संस्कृतातला सरल वृक्ष. हिंदीत त्याला चीड म्हणतात. आपल्याकडे चीड हा राग, तिकडे ते झाड; म्हणून आम्ही आपले जुने नावच वापरतो. नावाप्रमाणे सरळ वाढणारे, तीस मीटर आणि त्याहूनही उंच जाणारे. पाने सुईसारखी, वीतभर लांब, तीन-तीनांच्या जुडग्यात. साल जाड, तांबूस, खोल भेगा पडलेली. पाकिस्तानच्या उत्तर भागापासून भूतानपर्यंत हिमालयाच्या खालच्या आणि मधल्या उतारांवर, साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीत, हा नांदतो. हृषीकेशहून वर जाणाऱ्याला बसच्या खिडकीतून तासन्तास दिसतो तो हाच. याचा चीक म्हणजे आपल्या आजीच्या बटव्यातला गंधाबिरोजा. त्यातूनच तार्पीनही निघते.

पाठशाळेत आम्ही कालिदास घोकला तेव्हा हे झाड पाहिलेले नव्हते. पण त्या कवीने ते नीट पाहिले होते, असे आता वाटते. कुमारसंभवाच्या आरंभी हिमालयाचे वर्णन करताना तो सांगतो की हत्ती गालांची खाज शमवण्यासाठी सरलाच्या खोडांवर अंग घासतात, त्यातून चीक पाझरतो आणि त्या वासाने डोंगरमाथे सुगंधित होतात. मेघदूतात तर यक्ष मेघाला काम सांगतो: वारा सुटून सरलाची खोडे एकमेकांवर घासली, वणवा पेटला आणि ठिणग्यांनी चमरी गाईंच्या शेपटीचे झुपके जळू लागले, तर तू हजारो धारांनी तो विझव. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. या दोन्ही ठिकाणी झाडाजवळ माणूस नाही. झाडाशी ज्याचा संबंध दाखवला तो हत्ती आहे, चमरी गाय आहे. झाडाचा सुगंध सांगितला तोही हत्तीच्या खाजेतून आलेला, आणि झाडाचे संकट सांगितले तेही जनावराच्या शेपटीवरून. सरलाच्या लाकडाचा भाव काय, हे कवीने लिहिले नाही.

आता या वृक्षाचा संसार पाहू. याचे फळ पिकायला परागण झाल्यापासून सुमारे दोन वर्षे लागतात. उन्हाळ्याच्या तोंडी ते शंकूसारखे फळ उकलते आणि पंख असलेले बी वाऱ्यावर निघते; मग पावसाळ्यात रुजते. वाटेत त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. उडत्या खारी आहेत, माकडे आहेत, खोडावर डोके खाली करून उतरणारे चिमुकले पक्षी आहेत. सालीच्या भेगांत किडे राहतात, म्हणून सुतार पक्षी येतो. तो खोडात ढोली कोरतो, आणि तो निघून गेला की तीच ढोली दुसरे कोणी बिऱ्हाडाला घेते. झाडांच्या मधल्या उतारावर गवत वाढते, तेथे गोरल नावाचे बकरीसारखे रानजनावर चरते. कोरडा, उन्हाने तापलेला, दक्षिणेकडे तोंड केलेला खडकाळ उतार असतो, जेथे दुसरे मोठे झाड सहसा तग धरत नाही, तेथे सरल उभा राहतो आणि माती धरून ठेवतो.

याच्या भाऊबंदांची गोष्ट तर आणखी गोड आहे. किन्नौरमध्ये चिलगोज्याचे झाड आहे. मुंबईच्या सुक्या मेव्याच्या दुकानात जो महाग चिलगोजा मिळतो, तो याच पाइनच्या कुळातला. सरलाच्या बीला पंख असतो, पण चिलगोज्याच्या बीला उडण्याजोगा पंखच नाही. ते जड असते, झाडाखाली पडले तर तेथेच राहणार. ते दूर नेण्याचे काम कावळ्याच्या कुळातला एक ठिपकेदार पक्षी करतो. हिवाळ्याची बेगमी म्हणून तो बिया जमिनीत ठिकठिकाणी पुरून ठेवतो. त्यातल्या पुष्कळ तो पुन्हा उकरून खातो, काही राहून जातात, आणि राहिलेल्यांतून झाड उगवते. या पक्ष्याला आपण वृक्षारोपण करतो आहोत याची वार्ताही नाही! परंतु आज भाव इतका चढला आहे की झाडावरची बहुतेक फळे बी तयार होताच आकड्यांनी ओढून काढली जातात, कधी फांदीसकट. पक्ष्याला उरत नाही, मातीलाही उरत नाही. म्हणून त्या जंगलात म्हातारी झाडे दिसतात आणि पोरे फार थोडी दिसतात. तेथल्या लोकांचे पोट त्यावर आहे, हे आम्ही विसरत नाही. पण शेवटचे शंकूसुद्धा ओढून काढणे म्हणजे पुढच्या पिढीचे बियाणे दळून खाणे होय, एवढे कोणत्याही शेतकऱ्याला कळते.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सरल लावावा तितका चांगला! थांबा. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरातल्या बाया-बापड्यांना विचारा. त्या म्हणतील, चीड नको, बांज द्या. बांज म्हणजे तिकडचा ओक. त्याचा पाला गुरांना चालतो, त्याच्या खाली कुजलेल्या पानांचा मऊ थर साचतो, आणि जेथे बांज तेथे झरा, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. बांजच्या रानात जितक्या जातींचे पक्षी राहतात, तितके निव्वळ सरलाच्या रानात राहत नाहीत. सरलाच्या वाळक्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात सडा पडल्यासारख्या पसरतात आणि एका काडीने पेटतात. हे झाड काही परमुलखातून आलेले नाही, तिथलेच आहे. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी की त्याला त्याच्या जागेबाहेर पसरवले गेले. इंग्रजी अमलात रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड हवे होते आणि तार्पिनासाठी चीक हवा होता. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंमधील जंगले राखीव केली गेली, गावकऱ्यांच्या गुरांना आणि विळ्यांना बंदी आली, आणि पैसा देणाऱ्या सरलाला सरकारदरबारी मान मिळाला. १९२१ साली गावकऱ्यांचा संताप इतका वाढला की त्यांनी सरलाची राने पेटवून दिली, चिकाची गोदामे जाळली. आग लावणे आम्ही योग्य म्हणणार नाही. पण बहुतेक आगी सरकारच्या सरलरानांना लागल्या, बांजच्या रानांना फारशा लागल्या नाहीत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे चौकशी झाली आणि १९३१ साली गावांच्या वनपंचायतींचे नियम आले.

वणवे अजून थांबलेले नाहीत. कालिदासाच्या काव्यात वणवा खोडांच्या घर्षणाने पेटतो; आज तो बहुतेक वेळा माणसाच्या हातून पेटतो. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळून गेले. त्याच वर्षी उत्तराखंड सरकारने पिरूल गोळा करून आणणाऱ्याला किलोमागे ५० रुपये देण्याची योजना जाहीर केली. वणव्यात पक्ष्यांची अंडी, सापांची बिळे, भेकराची पाडसे यांचे काय होते, ते कोणत्या वहीत लिहिले जात नाही.

तरी त्याच डोंगरात एक गोष्ट घडली, ती आम्ही कीर्तनात अनेकदा सांगतो. १९७७ साली, चिपको आंदोलनाच्या दिवसांत, टिहरीकडच्या हेंवल खोऱ्यातले लोक रानात गेले. चीक काढण्यासाठी सरलाच्या खोडांना खोल घाव घालून पत्रे ठोकलेले होते. लोकांनी ते पत्रे उपटले, घावांवर माती लिंपली आणि वर गोणपाट बांधले. माणसाला करावी तशी झाडांची मलमपट्टी केली! ज्या सरलाबद्दल त्यांची शंभर गाऱ्हाणी, त्याच सरलाची. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात अशीच कथा आहे. शंकराने पुत्र मानलेला देवदार. पार्वतीने घड्याने पाणी घालून वाढवलेला. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा कार्तिकेयाला असुरांचे शस्त्र लागावे तसे पार्वतीला दुःख झाले. हेंवलच्या माणसांनी रघुवंश वाचला असेल-नसेल. पण झाड चुकीच्या जागी लावले गेले हा झाडाचा अपराध नव्हे, हे त्यांना कळले होते.

येथे एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो आम्हांला सर्वांत कठीण वाटतो. वारकरी म्हणवणाऱ्या कोणालाही तो टाळता यायचा नाही. कोणी विचारील, "महाराज, तुम्ही वाळवंटात जात-कूळ विसरायला सांगता. कोण कुठून आला, कोणाच्या पोटी जन्मला, हे पाहू नका म्हणता. आणि झाडाच्या बाबतीत मात्र देशी आणि परदेशी असा भेद? मग उद्या माणसालाही कोणी म्हणेल, तू इथला नाहीस!"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला लपून उत्तर देता येत नाही. देशी झाडांचे गोडवे गाता गाता माणसांच्या द्वेषापर्यंत पोचलेली भाषणे आम्ही कानांनी ऐकली आहेत, आणि ती ऐकून लाज वाटली आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. झाडाचा जन्म कुठला, ही आमची कसोटीच नाही. आपल्या गावोगावची चिंच मुळात आफ्रिकेतली. ती शतकानुशतके इथे आहे, पाखरे तिच्यावर वसतात, पोरे दगड मारतात, कोणाचे घर तिने मोडलेले ऐकिवात नाही. तिला परकी कोण म्हणेल? उलट सरल हिमालयातलाच, तरी बांजच्या झऱ्यावर त्याला बसवला तर तो तेथे उपरा होतो. तेव्हा विचारायचे ते हे की, या झाडाच्या येण्याने कोणाला अन्न मिळाले आणि कोणाचे अन्न गेले. आणि माणसाचे म्हणाल तर माणूस चालतो, भाषा शिकतो, दुसऱ्याच्या पंगतीत बसून त्याचे अन्न खातो आणि आपले त्याला वाढतो. झाडाला हे करता येत नाही. त्याच्या पानावर वाढणाऱ्या अळीला दुसरे पान चालत नाही. माणसाचा न्याय झाडाला लावू नये, आणि झाडाचा माणसाला तर मुळीच लावू नये.

कोडाईकनालला जाणारे प्रवासी तेथल्या पाइनच्या रानात उभे राहून फोटो काढतात. त्या डोंगरांवर आणि नीलगिरीत लावलेल्या पाइनांपैकी एक जात मेक्सिकोची आहे. जेथे ती पसरली, तेथे पूर्वी गवताळ माथे होते. अशाच माथ्यांवर नीलगिरी ताहर हा रानबोकड चरतो. झाडे वाढली तशी त्याची चराई आटली. वरून पाहणाऱ्याला रान वाढले असे दिसते, आणि ताहरच्या दृष्टीने ते ओसाड झाले. दक्षिण आफ्रिकेत तर बाहेरून आणलेली पाइन आणि इतर झाडे नद्यांचे पाणी ओढतात म्हणून १९९५ पासून सरकार ती तोडून काढण्यासाठी माणसे लावत आहे. आपल्या गावी हेच पाइन किती पाखरांना पोसत असेल!

आता आप्पांच्या माळाकडे येऊ. सोलापूरचा माळ म्हणजे काही रिकामी जागा नव्हे. नान्नजचे अभयारण्य १९७९ साली झाले ते माळढोकासाठी. माळढोक उघड्या गवतात राहतो, दूरवर नजर पोचेल तेथे अंडे घालतो. काळवीट, लांडगा हेही त्याच उघड्या गवताचे रहिवासी. तेथे झाडांची दाटी केली तर त्यांचे घर मोडते. आज माळढोक तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. कारणे अनेक, पण माळ म्हणजे पडीक, झाड लावून तो पवित्र करायचा, ही समजूत त्यांतली एक. शिवाय सरलाला मुळाशी एका जातीच्या बुरशीची सोबत लागते. उष्ण प्रदेशांत पाइन लावण्याचे पहिले प्रयत्न कित्येक ठिकाणी फसले, ते पाइनच्या रानातली माती आणून घातल्यावर मार्गी लागले. म्हणजे ते रोपसुद्धा आपले सोयरे बरोबर आणल्याशिवाय येत नाही. आम्ही आप्पांना म्हटले, शंकू देवघरात ठेवा, बी कुंडीतही घालू नका, आणि मठामागच्या ओढ्याला उंबर लावा. त्यांनी उंबर लावला. माळ तसाच राहू दिला, याचे आम्हांला अधिक समाधान आहे.

उंबराविषयी किती सांगावे! त्याच्या फळात एक इवलीशी माशी जन्मते, तीच त्याचे परागण करते; दुसऱ्या कोणाला ते काम जमत नाही. फळ पिकले की तांबट, साळुंकी, कोकीळ, रात्री वटवाघुळे अशी पंगत बसते, आणि बी त्यांच्या पोटातून कुठल्या कुठे जाते. पालखीच्या वाटा रुंद झाल्या, त्यात जुने वड गेले. वाहने वाढली, रस्ता हवाच होता, हे आम्ही मान्य करतो. पण त्यांच्या जागी लवकर वाढतात आणि दिसायला बरी म्हणून शोभेची झाडे लावणे म्हणजे पंगत उठवून तेथे कागदाची फुले मांडणे. वड लावला तर लावणाऱ्याला त्याची दाट सावली पुरती मिळत नाही, हीच त्यातली दानाची खूण आहे.

ज्यांना हिमालयातच सेवा करायची आहे, आणि असे पुष्कळ यात्रेकरू तेथल्या आश्रमांना रोपांसाठी पैसे देतात, त्यांना दोन शब्द. पैसे देण्याआधी विचारा की रोपे कुठे लावणार. सावलीचा, ओलसर, झऱ्याचा उतार असेल तर बांज. उघडा, कोरडा, कातळाचा दक्षिण उतार असेल तर सरल अवश्य लावावा. उन्हात वाढणारे झाड आहे ते, सावलीत कुढते. बी त्याच डोंगरातल्या निरोगी झाडाचे घ्यावे, शंकू उकलण्यापूर्वी उतरवून वाळवावे, आणि त्यातले निम्मे तरी झाडावर खारींसाठी राहू द्यावे. रोप पावसाळा लागताच जमिनीत जावे. पहिली काही वर्षे गुरे आणि आग यांपासून राखावे लागते. कोवळे रोप जळाले तरी बुडातून पुन्हा फुटू शकते, ही या झाडाची खोडी मोठी कामाची आहे. दर उन्हाळ्यापूर्वी पिरूल ओढून वाट मोकळी करावी. चीक काढायचा मोह आवरावा, निदान कोवळ्या झाडांचा तरी.

आणि रानात एखादा म्हातारा सरल वाळून उभा असेल, तर तो जागा अडवतो म्हणून लगेच पाडू नये. वाळलेल्या खोडात सुतार पक्षी ढोली करतो. पुढे तीत पोपट येतो, घुबड येते, उडती खार पिल्ले घालते. कुऱ्हाड लावण्यापूर्वी एक दिवस त्याच्या खाली गुपचूप बसावे, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वर कोण कोण येते-जाते ते मोजावे.